तांबोशीची दोन घरे

कबनूरहून समुद्र दिसत नाही. मध्ये सह्याद्री आडवा पडला आहे, आणि आपली पंचगंगा तर जवळच्या समुद्राकडे पाठ करून पूर्वेला निघून जाते. तेव्हा इचलकरंजीला लागून असलेल्या, मागांच्या खडखडाटात वाढलेल्या गावातल्या माणसाला समुद्रातल्या माशाची गोष्ट कशाला सांगता, असे कोणी विचारले तर तो प्रश्न वावगा नाही. पण वाचकहो, आपण समुद्राकडे गेलो नाही तरी समुद्र आपल्याकडे येतोच. पूर्वी तो सुकटीच्या आणि सुक्या बोंबलाच्या रूपाने घाट चढून येत असे. पुढे बर्फ आला, मोटारी आल्या, आणि आंब्याच्या, फोंड्याच्या, गगनबावड्याच्या वाटेने ताजी मासळीही देशावर येऊ लागली. आता कोल्हापूर-इचलकरंजीच्या बाजारात बांगडा, सुरमई यांच्या जोडीला एखादे दिवशी तांबूस अंगाचा, जाड खवल्यांचा, मोठ्या तोंडाचा एक भारी मासा पडलेला दिसतो. कोळीण सांगते, "तांबोशी आहे, घ्या."

ही तांबोशी कोण, ती राहते कुठे, आणि ती कुठे राहते हे माणसाला कळायला इतकी वर्षे का लागली, याची हकीकत मी सांगणार आहे. हकीकत माशाची आहे, पण तिच्यात माणसेही पुष्कळ आहेत. त्यांतला एक शेतकऱ्याचा मुलगा तर थेट आपल्या मुंबईला येऊन राहिला होता.

आधी माशाची ओळख करून घेऊ. कोकणात कोणी याला तांबोशी म्हणतात, कोणी तांबुशी, कोणी नुसतेच तांब. गोव्याकडे तामसो म्हणतात. ही सगळी नावे रंगावरून पडलेली आहेत. पाठ तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी तपकिरी-लाल आणि पोटाकडे रुपेरी झाक. बाजारात मात्र लाल दिसणाऱ्या निरनिराळ्या जातींना सरसकट हेच नाव देतात, कारण या कुळात जगभर शंभराहून अधिक जाती आहेत. इंग्रजीत या कुळाला 'स्नॅपर' म्हणतात, म्हणजे चटकन जबडा मिटून पकडणारा. तांबोशीचे पुढचे सुळे पाहिले म्हणजे हे नाव का पडले ते सांगावे लागत नाही. आपण ज्या जातीविषयी बोलत आहोत तिचे शास्त्रीय नाव 'लुट्यानस अर्जेंटिमॅक्युलेटस'. जीभ वळत नसेल तर सोडून द्या, पण दुसऱ्या शब्दाचा अर्थ ध्यानात ठेवा: रुपेरी ठिपक्यांचा. ही जात पूर्ण वाढली म्हणजे दीड मीटरपर्यंत लांब होऊ शकते, आणि तीस वर्षांहून अधिक जगू शकते. बाजारात पडलेली मोठी तांबोशी कदाचित तुमच्या शाळेतल्या मुलांपेक्षा वयाने मोठी असेल.

आता हे 'रुपेरी ठिपक्यांचा' नाव कोणी दिले ते पाहू. त्यासाठी अडीचशे वर्षांहून थोडे अधिक मागे जावे लागेल.

४ जानेवारी १७६१ रोजी डेन्मार्कच्या कोपनहेगन बंदरातून 'ग्रोनलँड' नावाचे लढाऊ जहाज निघाले. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानचा अभ्यास करण्यासाठी सहा जणांची एक मंडळी पाठवली होती. एक भाषापंडित फॉन हावेन, एक निसर्गशास्त्रज्ञ पीटर फोर्सकाल, एक वैद्य क्रामर, एक चित्रकार बाउरेनफाइंड, एक नोकर बेर्गग्रेन, आणि मोजणीच्या व नकाशाच्या कामासाठी कार्स्टेन नीबुर. लूट नाही, व्यापार नाही, केवळ माहिती गोळा करायला निघालेली ही मोहीम होती.

यातले दोघे आपल्या कामाचे. फोर्सकालचा जन्म १७३२ सालचा, हेलसिंकीचा. ज्या लिनियसने वनस्पतींना आणि प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावे द्यायची पद्धत रूढ केली, त्या लिनियसचा हा शिष्य. मोठा हट्टी आणि मेहनती. लिनियसने पुढे त्याचे नाव एका अशा झुडपाला दिले की जे अंगाला चिकटले म्हणजे लवकर सुटत नाही! नीबुर हा उत्तर जर्मनीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. आईबाप लहानपणीच गेलेले, शिक्षण अर्धवट राहिलेले. त्याच्या भागात जमिनीच्या मापावरून एक वाद उभा राहिला आणि मोजणीदार बाहेरून आणावा लागणार, ही गोष्ट त्याला लागली, म्हणून वयाची विशी उलटल्यावर तो भूमिती शिकायला बसला, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे. बांधाच्या वादातून माणूस कोर्टात जातो हे आपल्याला ठाऊक आहे. बांधाच्या वादातून भूमितीकडे गेलेला असा क्वचितच.

ही मंडळी इजिप्तमधून सुएझला आली, तांबड्या समुद्रातून जेद्दाला गेली, आणि १७६२ च्या डिसेंबरअखेर येमेनच्या किनाऱ्यावर उतरली. वाटेत ठिकठिकाणी फोर्सकाल कोळ्यांच्या होड्यांजवळ जाऊन उभा राही. जाळ्यात काय आले ते पाहायचे, पर मोजायचे, खवले तपासायचे, आणि कोळ्याला विचारायचे, "याला तुम्ही काय म्हणता?" कोळ्याने सांगितलेले अरबी नाव तो टिपून ठेवी. त्यांतली कित्येक नावे आजही शास्त्रात टिकून आहेत. तांबोशीच्याच एका भाऊबंदाचे शास्त्रीय नाव 'बोहार' आहे. तो शब्द लॅटिन नव्हे. तो तांबड्या समुद्रावरच्या कोळ्यांच्या बोलीतला आहे.

मासा घरी कसा न्यायचा, हाही प्रश्न होता. बर्फ नव्हता, मद्यार्कात बुडवून ठेवलेले नमुने वाटेत खराब व्हायचे. फोर्सकालने एक युक्ती केली. वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी पान-फूल दाबून, वाळवून कागदावर चिकटवतात, तसे त्याने माशाचे केले. माशाच्या एका बाजूची कातडी परांसकट सोलून घ्यायची, दाबून वाळवायची आणि कागदाला चिकटवायची. शिक्षक बंधु-भगिनींनी वर्गात पानांची वही करून घेतली असेल, तशी ही माशांची वही! तीतले सुमारे शंभर मासे आजही कोपनहेगनच्या संग्रहालयात आहेत.

पण मंडळीच्या नशिबी सुख नव्हते. येमेनमध्ये तापाची साथ होती. हिवताप डासांमुळे पसरतो हे पुढे १८९७ साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत दाखवून दिले. त्या वेळी ते कोणालाच माहीत नव्हते. २५ मे १७६३ ला फॉन हावेन मोखा बंदरात वारला. ११ जुलैला यरीम नावाच्या डोंगरी गावात फोर्सकाल गेला. वय अवघे एकतीस. उरलेले चौघे आजारी अवस्थेतच ऑगस्टमध्ये मोख्याहून मुंबईच्या जहाजावर चढले. वाटेत एका दिवसाच्या अंतराने चित्रकार आणि नोकर दोघेही वारले, त्यांना समुद्रातच मूठमाती मिळाली. त्याच ऑगस्ट महिन्यात इकडे गोदावरीकाठी राक्षसभुवनला थोरल्या माधवरावांनी निजामाचा पराभव केला होता, म्हणजे काळ कोणता ते ध्यानात येईल. सप्टेंबरात नीबुर आणि वैद्य क्रामर मुंबईला पोहोचले. पुढच्या फेब्रुवारीत क्रामरही मुंबईतच वारला. सहांतला एकटा नीबुर उरला.

नीबुर १७६४ च्या डिसेंबरपर्यंत आपल्याकडे राहिला. तेव्हाची मुंबई म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातली लहान लहान बेटे आणि त्यांच्यामध्ये भरती-ओहोटीचे पाणी, चिखल आणि तिवरांची रानेच राने. पलीकडची साष्टी आणि घारापुरी मराठ्यांकडे होती. नीबुर घारापुरीला गेला, त्याने लेण्यांची मापे घेतली, रेखाटने केली, आणि पुढे ती आपल्या प्रवासवर्णनात छापली. युरोपातल्या वाचकांना घारापुरीची ओळख करून देणाऱ्यांत त्याचा मान मोठा आहे.

आता एक गोष्ट मनात आणून पाहा. ज्या माशाचे वर्णन त्याच्या मृत मित्राने तांबड्या समुद्रावर लिहून ठेवले होते, त्याच जातीची पिले घारापुरीच्या आसपासच्या तिवरांच्या मुळांतही वाढणारी आहेत. नीबुरची होडी त्यांच्यावरून गेली असेल. पण हे ओळखायला ना नीबुरकडे साधन होते, ना फोर्सकालच्या टिपणात तशी ओळ होती. का, ते पुढे येईलच.

नीबुर इराण, इराक, तुर्कस्तान असा खुष्कीच्या मार्गाने फिरत १७६७ च्या नोव्हेंबरात कोपनहेगनला परतला. ज्या राजाने पाठवले होते तो राजाही जवळजवळ दोन वर्षांपूर्वी वारला होता. नीबुर काही प्राणिशास्त्रज्ञ नव्हता. तरी मित्राची टिपणे हातात घेऊन त्याने १७७५ साली ती छापून प्रसिद्ध केली. त्या पुस्तकात तांबोशीचे वर्णन आहे, आणि म्हणून आजही तिच्या शास्त्रीय नावापुढे 'फोर्सकाल, १७७५' असे लिहितात. लिहिणारा बारा वर्षांपूर्वीच गेला होता. छापणाऱ्याने श्रेय लिहिणाऱ्याचेच ठेवले. विद्येच्या इतिहासात अशी माणसे असतात, आणि शिक्षकांनी मुलांना ती सांगितली पाहिजेत.

फोर्सकालनंतर हे काम दुसऱ्या हातांनी पुढे नेले. बर्लिनमध्ये ब्लॉख नावाचे एक वैद्य होते. त्यांनी कधी हिंदुस्थान पाहिला नाही, पण मद्रासच्या दक्षिणेला तरंगंबाडी येथे डेन्मार्कची वसाहत होती, आणि तिथले जॉन नावाचे पाद्री त्यांना माशांचे नमुने पाठवीत. त्या जॉनचे नाव तांबोशीच्या दुसऱ्या एका भाऊबंदाला ब्लॉखने १७९२ साली दिले. कुळाचे 'लुट्यानस' हे नावही ब्लॉखचेच. तो शब्द त्याने मलाया-जावाकडच्या बोलीतून उचलला. म्हणजे पाहा, एका माशाच्या शास्त्रीय नावात एक शब्द मलायी कोळ्यांचा आणि दुसरा लॅटिन! पुढे १८७५ ते १८७८ या काळात फ्रान्सिस डे या मद्रास लष्करातल्या डॉक्टराने हिंदुस्थानातल्या माशांवर मोठा ग्रंथ काढला, त्यातही हे कूळ आले.

या सर्व विद्वानांनी काय केले? शरीर मोजले. पाठीवरच्या परात काटे किती, तर दहा. पोटाखालच्या मागच्या परात किती, तर तीन. दात कसे, खवल्यांच्या ओळी किती. हे काम फार मोलाचे आहे, त्याशिवाय एक जात दुसरीपासून वेगळी काढता येत नाही. पण मेलेला मासा आपले घर सांगत नाही. वाळवलेल्या कातडीवर तो कुठे जन्मला, लहानपणी कुठे राहिला, मोठेपणी कुठे गेला, यातले काही लिहिलेले नसते.

त्यात आणखी एक घोटाळा. तांबोशीचे पिलू आईसारखे दिसत नाही. त्याच्या अंगावर उभे फिकट पट्टे असतात, आणि गालावर एक-दोन बारीक निळ्या रेघा. वाढता वाढता हे पट्टे विरून जातात आणि अंग तांबूस होते. पिलू सापडते खाडीच्या गढूळ पाण्यात, मोठा मासा सापडतो बाहेर खोल खडकांवर. दोघांचा रंग वेगळा, पाणी वेगळे, पकडणारा माणूसही वेगळा. साहजिकच निरनिराळ्या अभ्यासकांनी या एका जातीला निरनिराळी नावे ठेवली. ती सगळी एकाचीच आहेत हे लावता लावता पिढ्या गेल्या.

आता आज काय माहीत आहे ते सांगतो.

मोठ्या तांबोशीचे घर म्हणजे बाहेरचा समुद्र. खडकाळ तळ, प्रवाळांच्या रांगा, कपारी, अशा जागी ती शंभर मीटरहून अधिक खोलीपर्यंत राहते. आपल्या महाराष्ट्रात अशा जागा थोड्या आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती प्रवाळ आहेत, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक विस्तीर्ण प्रवाळ-पठार आहे, त्याला कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून 'आंग्रिया बँक' म्हणतात. तांबोशीच्या कुळाला मानवणाऱ्या जागा या अशा. दिवसा ती कपारीच्या आडोशाला असते, रात्री शिकारीला निघते. मासे, खेकडे, कोळंबी हे तिचे खाणे.

अंडी घालायला मोठे मासे बाहेरच्या समुद्रातच जमतात. एक मादी लाखांनी अंडी सोडते. अंडे मोहरीपेक्षाही लहान, आत तेलाचा एक थेंब, त्यामुळे ते पाण्यात तरंगते. एका दिवसाच्या आत पिलू बाहेर पडते. सुरुवातीचे दोन-तीन दिवस त्याला धड तोंडही फुटलेले नसते, अंड्यातल्या बलकावरच ते जगते. मग काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहत, सूक्ष्म जीव खात ते वाढते. या काळात बहुतेक पिले दुसऱ्यांच्या पोटात जातात. जी वाचतात ती किनाऱ्याकडे येतात आणि खाडीत शिरतात. हे तिचे दुसरे घर, खरे म्हणजे पहिलेच.

खाडीत काय असते? वरून पाहणाऱ्याला चिखल दिसतो. पण त्या चिखलात तिवर, कांदळ, चिपी अशी झाडे उभी असतात. यांना मिळून आपण खारफुटी किंवा कांदळवन म्हणतो. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे जमिनीतून वर बोटांसारखी डोके काढून श्वास घेतात. कांदळाची मुळे कमानीसारखी पाण्यात उतरतात. भरती आली की या मुळांच्या जंगलात पाणी चढते. मोठा शिकारी मासा तिथे घुसू शकत नाही, पिलाला मात्र लपायला हजार जागा असतात. झाडांची पाने गळून कुजतात, त्यावर बारीक जीव पोसतात, त्यांवर कोळंबी आणि खेकडे, आणि त्यांवर तांबोशीचे पिलू. छप्पर, कुंपण आणि कोठार, तिन्ही एके ठिकाणी. लहान तांबोशी खाडीतून वर नदीच्या गोड्या पाण्यापर्यंतही चढून जाते.

खारे आणि गोडे दोन्ही पाणी तिला कसे मानवते, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारील. खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून तो पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात उलट होते. पाणी अंगात शिरत राहते, म्हणून तो भरपूर पातळ मूत्र टाकतो आणि मीठ धरून ठेवतो. पुष्कळ माशांना यांतला एकच व्यवहार जमतो. तांबोशीला दोन्ही जमतात.

खाडीत ती काही वर्षे काढते. मग केव्हा तरी, अंगात बळ आले की, बाहेरच्या समुद्राकडे जाते. साधारण अर्धा मीटर लांबी झाल्याशिवाय मादी अंडी घालण्याजोगी होत नाही. म्हणजे जन्म बाहेर, बालपण खाडीत, संसार पुन्हा बाहेर, असा हा फेरा आहे.

हे कळले कसे? दोन-तीन वाटांनी. ऑस्ट्रेलियात या माशाला 'मँग्रोव्ह जॅक' म्हणतात, म्हणजे खारफुटीतला जॅक. तिथल्या अभ्यासकांनी नदीमुखातल्या लहान माशांना खुणेची पट्टी लावून सोडले, आणि पुढे त्यांतले काही बाहेरच्या प्रवाळांवर सापडले. दुसरी वाट माशाच्या कानातली. माशाच्या डोक्यात चुन्याचा एक लहानसा खडा असतो. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षाला एक वलय, तशी या खड्यातही वलये चढतात. ती मोजून वय काढतात. शिवाय त्या त्या वेळच्या पाण्यातली द्रव्ये त्या थरात अडकून राहतात. मधल्या थरात गोड्या पाण्याच्या खुणा आणि बाहेरच्या थरात समुद्राच्या, असे दिसले की माशाने घर केव्हा बदलले ते समजते. फोर्सकालच्या वाळल्या कातडीने जे सांगितले नाही, ते हा खडा सांगतो.

तुम्ही म्हणाल, हे तर खाडीवरच्या कोळ्याला कोणी न सांगताही ठाऊक असेल. अर्धे ठाऊक होतेच. खाडीत पाग टाकणाऱ्याला मुळांतली लहान तांब ठाऊक होती. बाहेर लांब दोरीला गळ लावून बसणाऱ्याला मोठी तांबोशी ठाऊक होती. विद्वानाला शरीराची मापे ठाऊक होती. प्रत्येकाच्या हातात एकेक धागा होता. आपल्या कबनूरच्या विणकराला हे निराळे सांगायला नको. उभे आणि आडवे धागे एकत्र आल्याशिवाय कापड होत नाही. तांबोशीचे पूर्ण चरित्र हे धागे एकत्र आल्यावरच विणले गेले.

पण हे चरित्र पुरे होईतो इकडे तिच्या एका घरावर भर पडत होती. नीबुरने पाहिलेल्या मुंबईत अठराव्या शतकाच्या अखेरीला वरळीचा बांध झाला, मग एकेक खाडी बुजवून बेटे जोडली गेली. पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत शहर वाढले, गोद्या झाल्या, रेल्वे झाली, १९७० नंतर खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहिली. मुंबई-ठाण्याभोवतीची तिवरांची रानेच्या राने या भरावाखाली गेली. त्या जमिनीला सरकारी कागदावर बहुधा पडीकच म्हणत. पडीक म्हणजे ज्यात कोणी राहत नाही असे! तिथे तांबोशी राहत होती, कोळंबी राहत होती, आणि त्यांवर कोळीवाडे राहत होते, हे त्या शब्दात बसत नव्हते.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. पाणी जायला जागा उरली नव्हती, त्याच्या अनेक कारणांत खाड्या आणि कांदळवने बुजवल्याचेही बोलणे झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली कांदळवने तोडण्यावर बंदी घातली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात तर न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. २०१२ साली राज्याच्या वनखात्यात कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष झाला. २०२० च्या ऑगस्टमध्ये पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. २०२१ च्या वन सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन होते. हे सर्व चांगले झाले. तरी एक गोष्ट विसरू नये. झाड लावता येते, पण खाडीचे तोंड बंद झाले, किंवा पाण्यात विष आले, तर झाडे उभी असूनही घर रिकामेच राहते.

इथे हिशेबाचा एक मुद्दा आहे. तांबोशी सावकाश वाढते. अर्धा मीटर होण्यापूर्वी पकडलेली मादी एकदाही अंडी न घालता गेलेली असते. म्हणून खाडीतली पिले सगळीच उपसली तर बाहेरच्या समुद्रातली मोठी तांबोशी पुढे येणार कुठून? आणि खाडीच गेली तर पिले उपसायचाही प्रश्न उरत नाही. यात खाडीकाठच्या गरीब कोळ्याकडे बोट दाखवून मोकळे होणे न्यायाचे नाही. तो हाताच्या पागाने चार मासे काढतो, त्यावर त्याचा दिवस जातो. उद्या पुन्हा तिथेच यायचे असते, म्हणून तो खाडी राखतोही. एका भरावाने मात्र सगळी खाडी कायमची जाते, आणि भराव टाकणाऱ्याला उद्या तिथे मासे धरायला यायचे नसते.

आता शेवटी आपल्या गावाकडे वळू. गगनबावड्याच्या माथ्यावर पडणाऱ्या एकाच पावसाचे दोन वाटे होतात. एक वाटा पश्चिमेला कोकणात उतरतो आणि विजयदुर्गासारख्या खाड्यांना गोडे पाणी पुरवतो. दुसरा वाटा कुंभीतून पंचगंगेला येतो, कोल्हापूर, इचलकरंजी करीत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतो, आणि मग धरणांमागून धरणे ओलांडून आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला जाऊन पोहोचतो. पावसाळा सोडला तर त्यातले थोडेच पाणी तिथवर जाते, पण जाते. आणि तिथे, कृष्णेच्या मुखाशी, काय आहे म्हणता? कांदळवन! मोठे, अभयारण्य म्हणून राखलेले कांदळवन. तांबोशी तिकडच्या किनाऱ्यालाही आहे. म्हणजे कबनूरला समुद्र दिसत नसला, तरी कबनूरच्या ओढ्याचे पाणी एका तांबोशीच्या अंगणाकडेच निघालेले असते.

पंचगंगेच्या पाण्याची दशा इचलकरंजीच्या माणसाला सांगायला नको. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ आली होती, ती आठवणारी माणसे घरोघर आहेत. नदी स्वच्छ हवी ती आधी आपल्यासाठीच हवी, माशासाठी नंतर. पण दोन्ही गोष्टी एकाच पाण्याने होणार आहेत, एवढे ध्यानात असू द्या.

शिक्षकांना एक सुचवतो. बाजारातून तांबोशीचा, नाहीतर कोणत्याही मोठ्या माशाचा एक जाड खवला धुऊन वर्गात न्या. भिंग धरले तर त्यावर बारीक वलये दिसतील. ती मुलांना दाखवा, आणि मग नकाशा उघडून तांबडा समुद्र, मुंबई, विजयदुर्ग आणि कृष्णेचे मुख अशी चार ठिकाणे त्यांच्याकडून काढून घ्या. एका खवल्यावरून इतका भूगोल आणि इतका इतिहास शिकवता येतो. आणि ज्यांना शिकवायचे नाही, नुसते जेवायचे आहे, त्यांनी बाजारात तळहाताएवढी तांबोशी दिसली तर मोठी कधी येणार हे कोळणीला विचारावे. मोठी येत नाही असे उत्तर मिळाले, तर कुठेतरी तिच्या दोन घरांपैकी एक बंद पडले आहे, असे समजावे.